गिअरबॉक्स उतरवण्याआधी: जुन्या पोर्शे ९४४ ची तेलगळती आणि थरथर

साडेचार हजार डॉलरच्या त्या कामाला एवढ्यात होकार देऊ नका.

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ओहायोत तुमच्याकडे १९८७ ची पोर्शे ९४४ आहे, बिनटर्बोची, आठ व्हॉल्व्हची, २.५ लिटर. मागच्या उन्हाळ्यात पुढचे दोन्ही बेल्ट (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट आणि बॅलन्स शाफ्ट फिरवणारा बॅलन्स बेल्ट) आणि पुढची ऑइल सील बदलून घेतलीत. तेव्हापासून २,८०० ते ३,५०० आरपीएमच्या दरम्यान स्टीअरिंग, गिअरची दांडी आणि आतला आरसा थरथरतो. तेलही थांबलेलं नाही, फक्त जागा बदलून आता बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, खालून टपकतंय. गॅरेजचं म्हणणं, क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलंय, टॉर्क ट्यूबचे बेअरिंगही गेलेत, दोन्ही एकदमच साडेचार हजारांत उरकू.

माझी नजर अडली ती 'तेव्हापासून' या शब्दावर. थरथर सुरू झाली ती पुढचं काम झाल्यावर, आणि दुरुस्ती मात्र सुचवली जातेय मागची. मागचं सील बदलायचं तर या गाडीत एक्झॉस्ट, मागचा ट्रान्सॲक्सल (गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकत्र), टॉर्क ट्यूब, क्लच, सगळं बाहेर काढावं लागतं. एवढं उघडण्याआधी काही तपासण्या करा. त्यातल्या बऱ्याचशा घरच्या ड्राइव्हवेवर होतात.

पहिली तपासणी थरथरीची, कारण तिला पाना लागत नाही. ९४४ मध्ये इंजिन आणि क्लच पुढे, गिअरबॉक्स मागे, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट टॉर्क ट्यूबच्या आत. नेहमीच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्ट गिअरबॉक्सनंतर येतो, म्हणून त्याचा वेग गाडीच्या वेगाबरोबर बदलतो. इथे शाफ्ट गिअरबॉक्सच्या आधी आहे. क्लच जोडलेला असेल तर गाडी उभी असो वा धावत असो, तो इंजिनच्याच वेगाने फिरतो. म्हणूनच टॉर्क ट्यूबची थरथर आणि इंजिनची थरथर सीटवर बसून सारखीच वाटते, आणि अनुभवी माणूसही फसतो.

दोघांना वेगळं असं करायचं: इंजिन नीट गरम होऊ द्या, गाडी उभी, न्यूट्रलमध्ये. रेस देऊन ३,००० वर धरा आणि हात गिअरच्या दांडीवर ठेवा. मग क्लच पूर्ण दाबा, ब्रेकवर पाय ठेवून पहिला गिअर टाका आणि पुन्हा ३,००० वर आणा. आता टॉर्क ट्यूबमधला शाफ्ट थांबलेला आहे. थरथर गेली तर दोष क्लचच्या डिस्कपासून मागे. जशीच्या तशी राहिली तर टॉर्क ट्यूब निर्दोष सुटली. मग इंजिन, त्याचे माउंट किंवा फ्लायव्हील आणि त्यावरची प्रेशर प्लेट. हे रिकाम्या जागी, समोर भिंत नसताना करा आणि क्लचवरचा पाय ढळू देऊ नका.

नंतर हायवेवर ६० मैलांच्या वेगाला न्यूट्रल करून इंजिन आयडलवर येऊ द्या. तरी थरथरतंय? मग चाकं, टायर, हब बेअरिंग. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला सपाट जागा पडतात आणि बॅलन्सिंगचं मशीन त्या दाखवेलच असं नाही. थरथर फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल तर मागच्या सीव्ही जॉइंटचे (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांचे) बोल्ट तपासा, ते सैल होतात. तुमच्या वर्णनात थरथर आरपीएमला चिकटलेली आहे, म्हणून यात फार वेळ घालवू नका.

(फोनवरच्या कंपन मोजणाऱ्या ॲपबद्दल विचारलंत. बरेच फोन सेकंदाला साधारण १०० नोंदी घेतात, म्हणजे ५० हर्ट्झच्या वरचं त्यांना नीट दिसत नाही. ३,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो आणि आपण ज्याच्या मागावर आहोत ते कंपन त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झचं. ॲपवरचा आलेख देखणा येईल, पण त्यावर भिस्त ठेवू नका.)

माझा अंदाज असा की क्लच दाबून, गिअर टाकूनही तुमची थरथर तशीच राहील. तसं झालं तर संशय पहिला बॅलन्स शाफ्टवर.

२.५ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन मुळात गुळगुळीत नसतं. सरळ रांगेतल्या चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जात असताना दोन खाली येतात, पण कनेक्टिंग रॉडच्या तिरपेपणामुळे वर जाणाऱ्यांचा आणि खाली येणाऱ्यांचा वेग प्रत्येक क्षणी सारखा नसतो. त्यातून क्रँकच्या दुप्पट वेगाने वर-खाली हिसका देणारं बल उरतं, आणि ते आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं: ३,००० ला जेवढं, त्याच्या चौपट ६,००० ला. इथे बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०० मिलिमीटर, म्हणजे पिस्टन चांगले जाडजूड. पोर्शेने यावर उपाय म्हणून ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना एकेक असंतुलित शाफ्ट बसवला. मूळ कल्पना इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. दोन शाफ्ट वेगवेगळ्या उंचीवर ठेवायची आधुनिक पद्धत मित्सुबिशीकडे होती, आणि पोर्शेने ती परवाना घेऊन वापरली. हे शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशांना फिरतात. त्यांना फिरवणाऱ्या बेल्टला म्हणून दोन्ही अंगांना दाते आहेत: एक शाफ्ट आतल्या दात्यांवर, दुसरा बाहेरच्या.

हे सगळं चालतं ते वेळ अचूक असेल तरच. झोपाळा मागे येत असताना पुढून हात लावला तर तो मंदावतो, तोच हात चुकीच्या वेळी लागला तर झोका वाढतो. शाफ्ट अर्धा फेरा उलटा बसला तर तो इंजिनचं बल कमी करण्याऐवजी त्यात स्वतःची भर घालतो, आणि गाडी बॅलन्स शाफ्ट नसलेल्या इंजिनापेक्षाही वाईट थरथरते. एखाद-दुसरा दाता चुकला तर इतकं भयंकर नाही होत. गाडी चालते, ताकद तीच, पेट्रोलचा खर्च तोच, फक्त मधल्या आरपीएमला आरशातलं चित्र पुसट होतं. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं.

बॅलन्स शाफ्टची सील बदलायची तर त्यांची दातेरी चाकं काढावीच लागतात. पुन्हा बसवताना खुणा न पाहता बसवणं किती सोपं आहे ते ज्याने तिथे हात घातलाय त्यालाच कळेल. टायमिंग बेल्ट चुकला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून तो सगळे जीव मुठीत धरून बसवतात. बॅलन्स बेल्ट चुकला तर इंजिन चालू होतं, बिल निघतं.

तपासायला पुढची प्लॅस्टिकची कव्हर काढा, स्पार्क प्लग काढा आणि क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवा, उलट कधीच नाही. बेल हाउसिंगच्या खिडकीतून फ्लायव्हीलवरची ओटी ही खूण (पहिला पिस्टन सगळ्यात वर असल्याची) मधोमध आणा. आता दोन्ही बॅलन्स शाफ्टच्या चाकांवरची खाच मागच्या कव्हरवरच्या खुणेसमोर यायला हवी. वरच्या चाकाची सहज दिसते. खालच्यासाठी खालचं कव्हरही काढा. वरची जुळली म्हणून खालची गृहीत धरू नका. जुनी कव्हर उष्णतेने थोडी वाकलेली असतात, तेव्हा अगदी समोरून, डोळा खुणेच्या पातळीत आणून पाहा. मी अशा वेळी टायमिंग बेल्टला हात लावत नाही. फक्त पुढचा बॅलन्स बेल्ट उतरवतो, त्याचा कुठलाही भाग फिरत्या भागांजवळ राहिला नाही ना बघतो, आणि मिनिटभर इंजिन चालवून हलकी रेस देतो. बेल्टशिवाय इंजिन आधीपेक्षा शांत वाटलं तर निदान पक्कं: शाफ्ट उपकार नव्हे, अपकार करत होते.

बेल्ट परत चढवताना ताणाकडे लक्ष द्या. बॅलन्स बेल्ट फार ताणला की सायरनसारखा रडतो आणि शाफ्टची बेअरिंग आणि नवी सील लवकर खातो. तिथे एक छोटा रोलर आहे, त्याने बेल्ट ताणायचा नसतो. बेल्ट आणि रोलर यांच्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवायची असते. रोलर बेल्टवर दाबून बसवलेला मी पुष्कळ गाड्यांत पाहिलाय. तसा सापडला तर बाकीचं कामही त्याच हाताचं आहे हे धरून चला.

आता तेल. 'आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी' ही म्हण ९४४ च्या तेलगळतीसाठीच असावी. गाडी चालताना खालचा वारा तेलाला मागे ढकलतो, इंजिन कलतं बसवलेलं असल्याने तेल सम्पच्या (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीच्या) कडेने ओघळतं, आणि ब्लॉक आणि बेल हाउसिंगच्या सांध्यावर येऊन थेंब धरतं. वरून, पुढून, मधून कुठूनही गळालं तरी टपकणार तिथेच. म्हणून तिथला थेंब पाहून मागच्या सीलवर खापर फोडणं घाईचं आहे.

शोध धुण्यापासून सुरू होतो. मळलेल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे वेळ वाया. थंड इंजिनावर डिग्रीझर मारा, ब्रशने घासा. डिस्ट्रिब्युटर, ऑल्टरनेटर, एअर फ्लो मीटर प्लॅस्टिकने झाका, बेल्टवर डिग्रीझर जाऊ देऊ नका. वाळल्यावर इंजिन ऑइलमध्ये अल्ट्राव्हायोलेट डाय टाका, थोडं चालवा, अंधारात टॉर्च मारा. एवढं करून थांबू नका. पुन्हा थोडं चालवा, पुन्हा बघा. पहिल्या फेरीत ओली झालेली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा हाच उगम. दोन दिवस गाडी हिंडवून मग पाहिलंत तर सगळंच चमकेल आणि परत पहिल्या घरी याल. डाय नसेल तर संशयित जागी पांढरी टाल्कम पावडर उडवा. ताज्या तेलाची रेघ तिच्यावर स्पष्ट उमटते.

गाडीखाली पुठ्ठा घालून पुढच्या चाकांच्या जागा त्यावर आखा. थेंबाचा वास आणि रंग बघा. पॉवर स्टीअरिंगचं तेल पातळ आणि लालसर असतं, जुनं झालं की तपकिरी, आणि तेव्हा त्याला इंजिन ऑइल समजण्याची चूक हमखास होते. या गाडीत पंप खाली आहे आणि टाकीच्या जुन्या रबरी नळ्या पाझरल्या की खालचा सगळा भाग माखतो. म्हणून त्या टाकीच्या पातळीवर खूण करून ठेवा. गिअर ऑइलचा वास गंधकासारखा, तो चुकत नाही.

तुमच्या गाडीत मी या जागा या क्रमाने बघेन. पहिली, नुकतंच काम झालेली पुढची बाजू. बॅलन्स शाफ्टवर सील ज्या बाहीवर घासतं त्या बाहीच्या आत एक बारीक ओ-रिंग असते. सील नवं घातलं आणि ओ-रिंग जुनीच ठेवली, किंवा मुळात ती आहे हेच ठाऊक नसलं, तर तेल सीलला वळसा घालून शाफ्टच्या कडेने बाहेर येतं. बाहेरून दिसतं नवंकोरं सील, तरी तेल चालूच. क्रँकच्या पुढच्या टोकाचीही हीच कथा. ही गळती नुसता ड्राइव्हवे खराब करत नाही, ती बेल्टवर पडते. तेल प्यालेला बॅलन्स बेल्ट तुटला की त्याचे तुकडे मागच्या टायमिंग बेल्टमध्ये अडकू शकतात, आणि मग वाकलेले व्हॉल्व्ह. तेव्हा पुढून तेल सापडलं तर, बेल्ट कितीही नवे असोत, तेही बदला.

दुसरी जागा, श्वासाचा मार्ग. ब्लॉकवर ज्या नळकांड्यातून आपण तेल भरतो तेच हवेतून तेल वेगळं करणारं सेपरेटर आहे. त्याच्या बुडाचं सील कडक होतं आणि तेल ब्लॉकवरून सरळ बेल हाउसिंगकडे उतरतं. तिथून इनटेककडे जाणारी नळी गाळाने भरली असेल तर क्रँककेसमध्ये दाब साठतो, आणि मग कितीही महागडं सील घाला, तेल कुठून तरी वाट काढणारच. साधी परीक्षा: आयडलवर तेलाचं झाकण उघडा. या गाडीत एअर फ्लो मीटर असल्याने न मोजलेली हवा आत गेली की इंजिनची चाल बिघडायला हवी. झाकण उघडूनही ढिम्म फरक पडला नाही तर ती नळी बंद आहे किंवा हवा आधीच दुसरीकडून आत येतेय.

कॅम हाउसिंगचे प्लग आणि गॅस्केट पाझरले तर तेल एक्झॉस्टवर पडतं आणि सिग्नलला थांबलात की जळका वास येतो. तुम्ही वासाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून ते मागे ठेवतो. ऑइल प्रेशरचा सेन्डर (तेलाचा दाब मोजणारा भाग) हाताने चाचपून बघा. फिल्टरजवळच्या ऑइल कूलरच्या हाउसिंगची सील बाहेर गळतात आणि आतही. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून तपकिरी, लोण्यासारखा थर दिसतो का बघा. दिसला तर हेड गॅस्केट गेलं म्हणून कुणी घाबरवेल, पण बिनटर्बो ९४४ मध्ये आधी कूलरची सील तपासायची. सम्पच्या गॅस्केटवर माझा विश्वास नाही, पण त्याचे बोल्ट आवळून गळती थांबवायच्या फंदात पडू नका. जास्त आवळलं की गॅस्केट फाटतं, आणि ते बदलायला पुढचा क्रॉसमेंबर (इंजिनखालचा आडवा बीम) उतरवावा लागतो.

आता गळती आणि थरथर जिथे खरोखर एकत्र येतात ती जागा: इंजिन माउंट, गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन. ९४४ ची फाउंडेशन नुसती रबराची नाहीत, आत द्रव भरलेला आहे. रबर फाटलं की तो द्रव क्रॉसमेंबरवर ओघळतो आणि गडद डाग पडतो. तो पुसून बघा, तेलासारखा चिकट लागत नाही. रिकामं झालेलं माउंट बसतं, इंजिन खाली येतं, आणि इंजिनचं प्रत्येक कंपन थेट बॉडीत शिरतं. एक्झॉस्टच्या बाजूचं उष्णतेने आधी जातं. वरून पॉवर स्टीअरिंगचं तेल पडत असेल तर रबर फुगून आणखी लवकर जातं, मग गळती आधी बंद करा, नाहीतर नव्या फाउंडेशनचेही तेच हाल. परीक्षेसाठी गाडी घोडीवर घ्या. सम्प ॲल्युमिनियमचा आहे, म्हणून जॅकवर रुंद लाकडी फळी ठेवून इंजिनला अगदी हलका आधार द्या. इंजिन चालू असताना थरथर त्या आधाराने लक्षणीय घटली तर माउंट गेलंय. बॅलन्स शाफ्टच्या खुणा बरोबर सापडल्या तर माझा दुसरा संशय हाच आहे. आणि दोन्ही एकत्र असणंही शक्य आहे: चांगलं माउंट दात्याभराची चूक झाकून नेतं, बसलेलं माउंट ती उघडी पाडतं.

राहिलं मागचं सील. ज्या खिडकीतून फ्लायव्हीलची खूण पाहिलीत तिथूनच बोअरस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) आत घाला. तीस-चाळीस डॉलरचा, फोनला जोडायचा पुरतो. फ्लायव्हील आणि बेल हाउसिंगची आतली भिंत कोरडी, नुसती क्लचची काळी धूळ, असं दिसलं तर मागचं सील ठीक आहे आणि तेल बाहेरून येतंय. आतून ओलं, डाय टाकल्यावर चमकणारं दिसलं तर गॅरेजवाला बरोबर. ही तपासणी त्याच्यासमोर करा आणि काय दिसलं ते त्याला दाखवा. वाद घालायची गरज पडणार नाही.

हे चालू असताना तेलाची पातळी प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना बघा. कमी तेलावर जोरात वळणं घेतली की या इंजिनात दुसऱ्या क्रमांकाच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग पहिलं जातं. ते गेलं तर आपण इथे बोलतोय ती सगळी बिलं चिल्लर वाटतील.

आणि बोअरस्कोपने मागचं सीलच दोषी ठरवलं, तर त्या एका फेरीत टॉर्क ट्यूबची बेअरिंग हाताने फिरवून बघायला सांगा आणि क्लचची डिस्क काढून हातात घ्या. मूळ डिस्कच्या मध्यभागी रबर असतं. ते म्हातारं झालं की आधी ॲक्सिलरेटर सोडता-दाबताना 'ठक' असा प्ले जाणवतो, मग एके दिवशी रबर तुटतं आणि इंजिन नुसतं फिरतं, गाडी हलत नाही. रबराला भेगा दिसल्या तर स्प्रिंगवाली डिस्क घालून घ्या. मजुरी तीच आहे, गिअरबॉक्स खाली आलेलाच असतो.